तहसीलदारांच्या आंघोळीचा साबण

आज सकाळी सात वाजता धारूरला आमच्या परसात कढईतला साबण फाटला. दुधासारखा फाटला! खाली काळपट पाणी, वर गुठळ्यांचा थर.

त्या गुठळ्यांवर माझी नोकरी तरंगत होती. आज औरंगाबादहून साऱ्या सुभ्याचे वरिष्ठ, सुभेदारसाहेब, तपासणीला यायचे, आणि आमच्या तहसीलदारसाहेबांचा विलायती साबण नेमका काल संपला. मी तहसिलीतला पेशकार, साहेबांपुढे कागद ठेवणारा कारकून. भर कचेरीत बोलून बसलो, "हुजूर, विलायती कशाला? मी शाळेत रसायन शिकलोय. उद्या घरच्या साबणाने आंघोळ करा!"

"पेशकार, खालीपिली बाता नक्को," साहेब म्हणाले. "साबण नहीं आया तो तुमारी बदली पाटोदे को!"

काल दुपारपासून राखेचं पाणी, चुना आणि करडीचं तेल आटवत बसलो. झालं काय? पिठलं! वडी पडायचं नाव नाही. पहाटे जरा डोळा लागला, आणि उठून बघतो तर हे.

"अगं, कढईला हात कोणी लावला?"

"कावून वरडताव?" आमचं कुटुंब, चतुराबाई, शेण थापावं तितक्या शांतपणे म्हणाली. "सारी गल्ली डोकावून गेलती. साबणाला दिष्ट लागली. म्या काढली. चूल इझलती, मग कढईतच टाकली."

"मीठ टाकलंस? किती?"

"एवढ्या मोठ्या कढईला मूठभर पुरतंय व्हय? सूपभर!"

पाटोद्याची वाट डोळ्यांपुढे दिसू लागली. सहज एक गुठळी दाबून पाहिली. घट्ट! आणि एकदम शाळा आठवली. साबण म्हणजे तेलातलं आम्ल आणि क्षार यांची जोडी. राखेतला क्षार पोटॅशियमचा. त्याच्या संगतीत साबण पाण्यात सुखाने पडून राहतो, म्हणून मऊ. मिठातला सोडियम गर्दी करून घुसला की पोटॅशियमला हटवून तो जागा पटकावतो, आणि ही नवी जोडी खाऱ्या पाण्यात राहायला राजी नसते. वर येते, घट्ट होते!

"याला रसायन म्हणतात!" मी उडी मारली.

"याला दिष्ट काढनं म्हनत्यात," ती म्हणाली.

गुठळ्या फडक्यात पिळल्या, साच्यात दाबल्या. वड्यांना काय सुरेख लाली आली होती! थोडा ठसका लागत होता. क्षार उग्र असतोच. तेवढ्यात साहेबांचा चपराशी शहादेव दारात हजर.

"लवकर द्या, पेशकारसाब. पानी तापलंय."

वडी घेऊन तो गेला. मी मिशीवर हात फिरवला.

"पण काय गं, हा गुलाबी रंग आला कुठून?"

"मिरच्यांचा. कुटून टाकल्या. नुसत्या मिठानं कुटं दिष्ट निघती?"

मी अनवाणी पळालो! बंगल्यावर पोचलो तेव्हा न्हाणीघराचं दार बंद होतं. शहादेव बाहेर पंचा घेऊन उभा.

"साहेब आत कधी गेले?"

"आत्ताच. लई खूश हायेत. म्हनले, पैल्यांदा तोंडालाच लावतो."

"बे, थांबवायचं ना!"

"कावून? लई ग्वाड रंग हाय."

सुभेदारसाहेबांचा टांगा वेशीत शिरल्याची वर्दी आली आहे. न्हाणीघराचं दार अजून बंद आहे. साहेबांनी आतून फक्त गार पाणी मागवलं आहे, तिसऱ्यांदा.