बॅटरीला बांधलेला दोरा

मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना स्वतःच्या गाडीने कळमेश्वरला सोडायचं चंद्रभानने कबूल केलं, तिथेच सगळं बिघडलं. पोहे झाले होते, चहा झाला होता, त्याच्या मुलीला, गोपिकेला, विचारायचं ते विचारून झालं होतं. पाहुणे चारच्या बसने सुखाने गेले असते. पण चंद्रभान पडला कोराडीच्या वीज केंद्रातल्या कंट्रोल रूमचा माणूस. अर्ध्या विदर्भाचे दिवे आपल्या बोटांवर लागतात अशी त्याची समजूत होती, आणि क्वार्टरसमोर बासष्ट सालची सेकंडहँड फियाट उभी होती.

"बस कायले पाहता?" तो म्हणाला. "घरची गाडी हाय ना!"

गोपिकेला याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. या स्थळासाठी चंद्रभानचा जीव टांगणीला लागला होता. मुलगा गोविंदा कळमेश्वरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, त्याचे वडील चंपतराव संत्र्याच्या बागेपलीकडे फारसं बोलत नव्हते, आणि घरातला शेवटचा शब्द मुलाच्या आईचा, रंभाबाईंचा. या रंभाबाई दोन तासांत एकदाही हसल्या नव्हत्या. मुलगी कशी वाटली याबद्दल चकार शब्द न काढता त्या गाडीत जाऊन बसल्या.

चंद्रभानने किल्ली फिरवून सेल्फ मारला. 'कट्' असा आवाज झाला आणि गाडी गप्प.

"घाबरायचं काम नाई," तो खाली उतरत म्हणाला. "बिजलीचा फॉल्ट असा एकेक करूनच पकडा लागते. गोविंदाजी, मी दिवा लावतो, तुमी समोर उभे राहून पाहा."

"लागून राहिला," गोविंदा म्हणाला.

"आता मी सेल्फ मारतो."

'कट्.'

"मेला!" गोविंदा ओरडला.

"शुभ कामाले आलो न मेला काहून म्हनतं रे?" आतून रंभाबाईंचा आवाज आला.

तिसऱ्यांदा सेल्फ मारल्यावर दिवा गेला तो परत आलाच नाही. भोंगाही मुका झाला.

"बॅटरी उतरली असन," गोविंदाने भीतभीत सुचवलं.

"परवाच चार्ज करून आणली."

"मंग डायनामो."

"डायनामोचा न सेल्फचा काय संबंध?" चंद्रभान खेकसला. आपण होऊ घातलेल्या जावयावर खेकसलो हे ध्यानात आल्यावर त्याने आवाज खाली आणला. "म्हणजे संबंध हाय. पण लांबचा."

शेवटी चंपतरावांनीच धोतर खोचलं. "ढकलून पाहू," ते म्हणाले. मुलाकडची माणसं मुलीच्या बापाची गाडी ढकलताहेत हे पाहून दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, सुभद्रेने, कपाळाला हात लावला. रंभाबाई मात्र वरमाय होण्याच्या बेतात असल्यामुळे आतच बसून राहिल्या. कॉलनीच्या चौकापर्यंत गाडी गेली, पण इंजिनाने हूं की चूं केलं नाही. गोविंदाची पांढरी पँट रस्त्यावर बसलेल्या वीज केंद्राच्या राखेने मळली. चारची बस त्यांच्या बाजूनेच निघून गेली.

चंद्रभानने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलला हात लावला तर ते गरम. बॅटरीत जोर आहे, पण जोराला बाहेर पडायला वाट नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. आणि वाट कोणी अडवली तेही दिसलं. टर्मिनलच्या फटीतून एक लाल दोरा डोकावत होता आणि त्याचं टोक करपलं होतं.

काल दसरा होता. बाकीचे लोक बॉनेटला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि घरात जातात. चंद्रभानचं म्हणणं, गाडीचा प्राण बॅटरीत. म्हणून त्याने टर्मिनलवरची वायर सोडवून ते घासून पुसून लख्ख केलं, तेलात कुंकू कालवून लावलं, त्यावर दोऱ्याचे सात वेढे दिले आणि वरून वायर पुन्हा आवळून टाकली. हेच एखाद्या ज्युनिअरने प्लांटवर केलं असतं, तर चंद्रभानने त्याला तीन दिवस फैलावर घेतलं असतं.

त्याने घाईघाईने पाना काढला. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात रंभाबाई गाडीतून उतरून शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"हे लाल काय हाय?"

चंद्रभानला तिसरा नकार समोर दिसायला लागला. पाहुण्यांना उन्हात ढकलायला लावलं, बस चुकवली, आणि दोष आपला. आता खोटं तरी काय बोलणार?

"माह्याच हातची चूक हाय, बाई. काल बॅटरीची पूजा केली मी."

"बॅटरीची?"

"हाव."

रंभाबाईंनी खाली वाकून कुंकू नीट पाहिलं. मग हात जोडले.

"आयकलं काय जी?" त्या चंपतरावांना म्हणाल्या. "ज्या घरचा मानूस बॅटरीले कुंकू लावते, त्या घरची पोरगी आपल्या देवघरातला दिवा इझू देईन काय? मले पोरगी पसंत हाय."

आणि त्या चक्क हसल्या. चंद्रभानचे डोळे भरून आले. दोन नकारांचं ओझं उतरलं होतं. त्याच आनंदात त्याने पाना टर्मिनलला लावला.

"थांबा!" रंभाबाई कडाडल्या. "दोरा कायले सोडून राहिले? याच्याच पायी जुळलं हे. लग्न होईवर हात नोका लावू."

"पण बाई, गाडी चालू..."

"ढकलता येते ना!"

गोविंदाने काही सांगायला तोंड उघडलं. गोपिका पाण्याचा तांब्या घेऊन चौकापर्यंत आली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. पाहुणे पाचच्या बसने गेले.

मार्गशीर्षात कोराडीलाच लग्न झालं. नवरदेव त्याच गाडीतून येणार, हा रंभाबाईंचा हट्ट. फियाट झेंडूच्या माळांनी मढवली होती आणि वीज केंद्रातली आठ माणसं तिला मागून ढकलत होती. पुढे बँड वाजत होता, बाजूला बायका चालत होत्या. मांडवाच्या दाराशी बँड थांबला आणि कळमेश्वरचे एक म्हातारे पाहुणे चंद्रभानजवळ येऊन त्याचा हात धरून म्हणाले,

"गाडी लय पाह्यल्या, व्याहीबुवा. पण अशी नाई पाह्यली. जरासाही आवाज नाई हो!"

"दसऱ्यापासून कोनाचा हात लागू देल्ला नाई तिले," चंद्रभान म्हणाला.