खुर्चीची ट्रायल

“आबा, निवांत बसा. माप घेऊनच आणलीय खुर्ची,” मुलगा म्हणाला.

आबा पायाला प्लास्टर घालून नुकतेच घरी आले होते. बापलेक दोघेही शिंपी. पुढच्या खोलीतच दुकान. तिथे एक गिऱ्हाईक बाई कुर्ता आखूड झाला म्हणून अडून बसल्या होत्या. “बाई, मापातच आहे,” असं त्यांना ऐकवून मुलगा आत आला होता.

“निवांत कुठला बसतोय! मला संडासात ने आधी,” आबा म्हणाले.

मुलाची आई, म्हणजे माई, आत संडासात बादली भरत होत्या. मुलाने चाकांची खुर्ची ढकलली. खट्! चाकं चौकटीला अडली.

“माप कसलं घेतलंस रे?”

“बसायच्या जागेचं. चांगली ऐसपैस आहे.”

“आणि चाकांचं?”

मुलाने चाकांकडे पाहिलं. त्याच्या गिऱ्हाइकांना आजवर कधी चाकं नव्हती.

“दार काढतो. जाडीएवढी जागा तरी मिळेल.”

बिजागऱ्या खोलून त्याने दार गच्चीवर नेऊन ठेवलं आणि परत येऊन जोर लावला. खुर्ची बोटभर सरकली आणि अशी रुतली की ना पुढे, ना मागे. माईंनी आतून चाकांना साबण चोळला. चाकं स्वच्छ झाली, हलली मात्र नाहीत.

“अरे, लवकर!” आबांचा आवाज बारीक होत चालला होता.

“मिटत नाही का हो ती खुर्ची?” बाईंनी पुढून विचारलं.

“मिटते. पण आबा बसलेत ना तिच्यात!”

“मग उठतील की,” माई म्हणाल्या. “अहो, एक पाय धड आहे ना तुमचा? धरा मला.”

आबा उठले. खुर्ची मिटली आणि मुकाट्याने बाहेर आली.

“लोकांना ट्रायल देतोस,” माईंच्या खांद्यावर लंगडत आबा म्हणाले, “आणि बापाला एकदम तयार माल?”

त्यांना नीट बसवून माई बाहेर आल्या. घराने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात आतून प्रश्न आला, “अरे, दार?”

दार गच्चीवर होतं. समोर दुकान. बाईंनी झटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलाने मशीनवरचं फुलाफुलांचं कापड ओढलं. एक टोक त्याने धरलं, दुसरं माईंनी.

“झाला पडदा, आबा. अगदी मापात!”



“वीतभर आखूड आहे,” आतून आवाज आला.

बाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, “मघापासून मी तेच सांगतेय.”