पहिल्या वाटीचा मान

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. की वाघ होता? मुलांनो, थांबा जरा. चार पदव्या घेतलेल्या माणसाला एवढंही आठवू नये, याची मला लाज वाटते. पण आयाळ होती, हे पक्कं आठवतं. म्हणजे सिंहच. निदान आपण तसं धरून चालू.

त्या जंगलात खेळाचं एक जुनं यंत्र होतं. ते कुठून आलं, हे मी दोघांना विचारलं होतं. त्यांनी तीन उत्तरं दिली. त्या खेळात पडद्यावर एक माणूस काठी घेऊन खड्ड्यांवरून उड्या मारायचा. जंगलातली सगळी पिल्लं दिवसभर त्याला टाळ्या वाजवायची.

एके दिवशी महाराजांनी ते पाहिलं.

"आमचं जंगल, आमची पिल्लं, आणि टाळ्या माणसाला?" महाराज गरजले. "काढा त्याला. त्याच्या जागी आम्हाला घाला. दरबारही घाला. झाडं, गवत, सगळं जंगल जसंच्या तसं आलं पाहिजे. आमच्या वाढदिवसाच्या आत!"

हे काम कोरणबाईकडे आलं. कोरणबाई म्हणजे सुतारपक्षीण. तिच्यासारखे बारीक चौकोनी ठिपके टोचणारं जंगलात दुसरं कुणी नव्हतं. दिवाणजींच्या कचेरीसमोर एक पांगारा होता. त्याच्या ढोलीत ती राहायची. ढोलीत तिची तीन पिल्लं होती, अजून पंख न फुटलेली.

दिवाणजी हे कोल्हे होते. ते म्हणाले, "महाराजांना नवी कमान हवी आहे. तिच्यासाठी झाडं तोडायची आहेत. पांगारा यादीत पहिला आहे. चित्र चांगलं झालं, तर त्याचं नाव काढतो."

यंत्र कचेरीत आणून ठेवलं आणि कोरणबाई कामाला लागली.

आता त्या यंत्रात रंगांचा एक डबा होता. आपल्या मिसळणाच्या डब्यासारखा, पण सोळा वाट्यांचा. सोळा म्हणजे सोळाच रंग. जो रंग डब्यात नाही, त्यानं जवळच्या रंगात जाऊन बसायचं. त्यामुळे अस्वल, म्हैस आणि कावळा एका वाटीत आले.

"मी आणि कावळा एकच?" अस्वलानं विचारलं.

"रंगापुरते," कोरणबाई म्हणाली.

मग मोर आला. "माझ्या पिसाऱ्यात रंग किती, हे मोजलंस का बाई?"

"मोजले. साठ. तुमच्या वाट्याला दोन आलेत. एक ठिपका निळा, एक हिरवा, असे आलटून पालटून टोचलेत. लांबून बघा, मधले सगळे रंग दिसतील."

"आणि जवळून?"

"जवळून बघू नका."

सगळं बरं चाललं होतं. मग दिवाणजी तपासणीला आले. त्यांनी डबा उघडला. पहिल्या वाटीत भडक जांभळा होता. महाराजांचा सोनेरी दुसऱ्या वाटीत होता.

"हा जांभळा कुणाचा?"

"कुणाचाच नाही, दिवाणजी."

"जो कुणाचाच नाही, तो महाराजांच्या आधी बसणार?"

"अहो, पहिल्या वाटीतला रंग यंत्र दाखवतच नाही. जिथं तो असेल, तिथं आरपार मागचं दिसतं. चित्राभोवतीची मोकळी जागा भरायला ती वाटी ठेवलेली आहे. म्हणून मी तिच्यात नको असलेला रंग टाकला."

"पहिली वाटी महाराजांची."

"पण महाराज दिसणार नाहीत!"

"यंत्राला दरबारी रीत कळत नाही, कोरणबाई. तुला कळायला हवी." दिवाणजींनी खिडकीतून पांगाऱ्याकडे पाहिलं. "पिल्लं किती म्हणालीस?"

कोरणबाईनं वाट्या बदलल्या.

वाढदिवस उजाडला. सगळं जंगल पडद्यासमोर बसलं. खेळ सुरू झाला आणि गवतातून एक आयाळ चालत आली. आयाळीत दोन डोळे होते. बऱ्याच मागं शेपटीचा गोंडा होता. खाली नखांचे चार जुडगे टपटप पडत होते. मधे काही नव्हतं. म्हणजे गवत होतं.

कोरणबाईनं मनातल्या मनात पिल्लांचा निरोप घेतला.

महाराज पुढं झुकले. "दिवाणजी, आमचं पोट कुठं गेलं?"

"गेलं, महाराज."

"सगळं?"

"सगळं."

मुलांनो, राजवैद्य तीन वर्षं महाराजांच्या पोटामागं लागले होते. लंघन झालं, काढे झाले, पहाटे टेकडी झाली. पोट जागचं हललं नव्हतं. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, हे तू केलंस?"

"महाराज, खरं सांगते. यात माझं काही नाही. हे पहिल्या वाटीमुळे होतं."

"शाब्बास ती वाटी!" महाराज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोरणबाईच्या दारात रांग लागली. सगळ्या दरबाराला पहिली वाटी हवी होती. अस्वलाला कावळ्यापासून सुटका हवी होती. आपले साठ रंग सोडून मोरसुद्धा आला. कोरणबाईनं प्रत्येकाला एकदा समजावलं. प्रत्येकानं तिच्याकडे संशयानं पाहिलं. मोर तर म्हणाला, "आम्ही मोठे झालेलं तुला बघवत नाही, एवढंच."

तिनं टोचून दिलं. पडद्यावर दरबार भरला. गवतावर डोळ्यांच्या काही जोड्या तरंगत होत्या.

"मी कसा दिसतो?" अस्वलानं विचारलं.

"भारदस्त," मोर म्हणाला. "आणि मी?"

"अगदी शोभून."

या चित्रामुळे दिवाणजींच्या कचेरीचीही सोय झाली. सगळं जंगल पडद्यावर आल्यामुळे जंगलात जायची गरज संपली. झाडांची मोजणी, वाटांची पाहणी, सगळं बसल्या जागी होऊ लागलं. मोठ्या मानाच्या दरबाराला मोठी कमान हवी, म्हणून तोडणीची यादीही पडद्यावरूनच निघाली. पांगारा पहिला.

कोरणबाई धावत कचेरीत गेली. "दिवाणजी, तुमचा शब्द होता!"

"होता. तू चित्र चांगलं केलंस तर, असा होता. तू केलंस का? यात माझं काही नाही, हे वाटीमुळे होतं, असं भर दरबारात कोण म्हणालं?"

कोरणबाईनं खिडकीतून पांगाऱ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"खरं आहे," ती म्हणाली. "एक मागणं आहे. झाड जायचंच आहे, तर जाण्याआधी त्यालाही पहिल्या वाटीचा मान द्या. एका दिवसापुरता."

"झाडाला मान?" दिवाणजी हसले. आपल्याकडे कुणी मान मागितला की त्यांना गुदगुल्या होत. "बरं. जाता जाता मिळू दे बिचाऱ्याला."

दुपारपर्यंत ती टोचत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीवाला हत्ती कचेरीत आला. त्यानं यादी वाचली, पडदा पाहिला, पुन्हा यादी वाचली.

"दिवाणजी, इथं पांगारा लिहिलाय. पडद्यावर गवत आहे."

दिवाणजींनी पाहिलं. गवतच होतं.

"पण झाड तर ते काय, समोर," हत्ती म्हणाला. त्यानं सोंड खिडकीबाहेर काढली. एक फांदी तिथूनच त्याच्या सोंडेला लागली. "हे बघा, हलतंय."

"पडद्यावर आहे का?"

"नाही."

"मग तू काय हलवतोयस?"

हत्तीनं सोंड आत घेतली. दिवाणजींनी वही ओढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सदर झाड जागेवर आढळून आले नाही.' खाली शिक्का मारला. शिक्का बसला की त्या जंगलात पुन्हा कुणी काही तपासत नसे.

ढोलीत तीन पिल्लं भुकेनं ओरडत होती. कोरणबाई अळ्या आणायला गेली.

तात्पर्य : मुलांनो, तुमचे गुरुजी सांगतील की पहिल्या जागेचा हव्यास धरू नये. ते शहाणे आहेत, त्यांचं ऐका. पण कुणी पहिली जागा मागितली, तर त्याला ती लगेच द्या. खरं काय ते एकदा सांगा. दोनदा सांगू नका, कारण दुसऱ्यांदा सांगितलेलं तुमच्याविरुद्ध वापरता येतं. आणि जे जिवापाड जपायचं असेल, ते सरकारी चित्रात दिसणार नाही एवढं बघा. हे तात्पर्य बरोबर आहे, अशी मात्र माझी खात्री नाही. पुष्कळ वर्षांनी मी त्या कचेरीत जाऊन वही पाहिली. ती नोंद शिक्क्यासकट आहे. तिथलं कारकून कासव मला तिच्याबद्दल काहीतरी समजावून सांगत होतं, पण समोरच्या झाडावर इतकी टकटक चालली होती, की मला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही.