तांडेल मॅडम आणि कोलंबी

कुणाच्या अंगावर पुरळ उठलेलं दिसलं की आमच्या तांडेल मॅडमचा चेहरा उजळतो. दुष्ट नाहीत हो त्या! नवीन पनवेलच्या आमच्या हॉस्पिटलात त्या फार्मासिस्ट आहेत आणि औषधांच्या रिॲक्शन शोधून काढणं हे त्यांचं कामच आहे. पण काम म्हणून एवढं खूश कुणी होतं का? नर्स म्हणून मी वॉर्डातून फोन करायचा, "मॅडम, एका पेशंटला खाज सुटलीय," की पलीकडून हर्षभरित आवाज, "अगं बाई! कुठे? पाठीवर?" मी फोन ठेवेपर्यंत बाई धापा टाकत दारात. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर त्यांना नाही.

"नवीन काय सुरू केलं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. माझ्या भाचीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाचे मामा दंड खाजवत होते. मॅडम ताट घेऊन थेट त्यांच्यासमोर. "नवीन काय सुरू केलं?" मामा गोंधळून म्हणाले, "योगासनं." मॅडमचा चेहरा पडला. "गोळी नाही? मग राहू दे."

आमचे मोठे डॉक्टर तर त्यांना लांबून बघूनच हात वर करतात, "मी आज काहीही सुरू केलेलं नाही!"

एकदा उरणकडच्या हिराबाई माझ्या वॉर्डात आल्या. ओठ आणि जीभ इतकी सुजलेली की शब्द फुटेना. असं दुसऱ्यांदा झालं होतं. उपचारांनी सूज उतरली, पण सून म्हणाली, दोन्ही वेळा कोलंबी खाल्ली होती. झालं! मासळी बंद. जन्मभर मासळी विकलेली ती बाई भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. "म्हावरं बंद केलं त मी जगू कशाला?"

एवढ्यात मॅडम पोचल्या. "मावशी, कोलंबी कधीपासून खाता?"

"जल्मापासून."

"मग ती आत्ताच कशी वैरीण झाली? नवीन काय सुरू केलं?"

"काय नाय," सून म्हणाली. "आमी गोळ्या घेतच नाय."

"पिशवी दाखवा."

सुनेने पिशवी खाटेवर उपडी केली. मशेरीची डबी, कंगवा, सुपारी आणि गोळ्यांची एक पट्टी.

"ही?"

"ती बीपीची हाय. ती काय औषध नाय, ती रोजचीच हाय. गणपतीपासून घेते."

"मिळाली!" मॅडम एवढ्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या आजी उठून बसल्या. पट्टी नाचवत त्या डॉक्टरांकडे पळाल्या, मी मागोमाग. "सर, हिने सूज येऊ शकते! कित्येक दिवस नीट चालते आणि मग अचानक! पुढच्या वेळी घसा बंद झाला असता!"

"मला हीच शंका होती," डॉक्टर म्हणाले, "पण गोळी चालू नाही म्हणून सांगितलं होतं ना त्यांनी." गोळी त्याच क्षणी बंद झाली, दुसरी लिहून दिली. मॅडमने सगळी हकीकत औषधांच्या रिॲक्शनची नोंद ठेवणाऱ्या सरकारी केंद्राला कळवली. दुसऱ्या गावात कुणाचे ओठ सुजले तर तिथे हे आठवायला हवं, म्हणाल्या.

काही आठवड्यांनी हिराबाई परत आल्या. कोलंबीच्या ॲलर्जीच्या तपासण्यांत काही निघालं नव्हतं. आता डॉक्टरांच्या देखत, इंजेक्शन हाताशी ठेवून, कोलंबी खाऊन बघायची होती. सुनेने डबा उघडला आणि वॉर्डभर लसणीचा वास सुटला. हिराबाईंनी आधी इवलासा तुकडा तोंडात घातला. मग थोड्या थोड्या वेळाने मोठा. आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे टक लावून. मॅडमने त्यांचा हात घट्ट धरलेला, स्वतःचा श्वास रोखून.

काही झालं नाही. बराच वेळ गेला, तरी काही झालं नाही! आजूबाजूच्या खाटांवरून टाळ्या पडल्या.

हिराबाईंनी डबा मॅडमकडे सरकवला. "तू पन खा, बाय."

मॅडमने एक कोलंबी खाल्ली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागली का?" मी विचारलं.

"नाय गं." मॅडमच्या तोंडून असं 'नाय' मी पहिल्यांदाच ऐकलं. "आई गेल्यापासून घरात म्हावरं शिजलंच नाय. एकटीसाठी कोण साफ करत बसतंय?"

 पाय आखडून हिराबाईंनी खाटेवर जागा केली. मॅडम बसल्या.