तिबुर्सियोच्या मुक्कामाची नोंद

"कसं झालं गं आज?"

तिबुर्सियो दारातूनच विचारायचा. काखेत ट्रम्पेट, टोपी मागे सरकलेली, फुंकून फुंकून गाल लाल झालेले. गावच्या बँडमध्ये त्याने अडतीस वर्षं वाजवलं, आणि लग्न असो, मिरवणूक असो, कोणाला पोचवून आलेला असो, घरी पाऊल टाकताना आपल्या वाजवण्याबद्दल त्याचा पहिला प्रश्न हाच. फिदेला तव्यावरच्या मक्याच्या भाकरीवरून नजर न काढता म्हणायची, "झालं की छान." तेवढं ऐकलं की तो जेवायला बसायचा.

त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. तो प्रश्न मात्र अजून उंबऱ्यावर उभा होता.

तिबुर्सियो गेल्यावर रस्त्याकडची त्याची खोली फिदेलाने वाटसरूंना द्यायला सुरुवात केली. मुलगी ग्रिसेल्दा लांब तिहुआनाला. तिने खोलीचे फोटो एका ॲपवर टाकून दिले. मग कुठून कुठून माणसं येऊ लागली. कोणी चित्रं काढणारी, कोणी नुसतीच झोपा काढणारी. कोणाची भाषा कळे, कोणाचं हसू. सांता ब्रिखिदाच्या त्या लहानशा गल्लीतलं घर पुन्हा पायरवाने जागं राहू लागलं.

फक्त नोव्हेंबरच्या एक आणि दोन तारखेला खोली कोणालाही मिळत नसे. त्या दोन दिवसांत गेलेली माणसं घरी येतात, आणि ती खोली तिबुर्सियोची होती. ॲपवर तारखा बंद करायचं बटण असतं म्हणे, पण ते फिदेलाला कधी सापडलं नाही. तिने आपली सरळ वाट काढली. दर वर्षी ती स्वतःच खोली राखून टाकायची. पाहुण्याचं नाव: तिबुर्सियो. संख्या: एक. भाडं: शून्य. झाल्या तारखा बंद.

सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं. सातव्या वर्षी नगरपालिकेने नियम काढला. ॲपवरून खोली देणाऱ्या प्रत्येकाने परवाना घ्यायचा, प्रत्येक पाहुण्याची नोंद करायची, आणि ॲपवाल्यांनी सगळ्या तारखा पालिकेला कळवायच्या. तारखा पोचल्या, आणि आठवड्याभरात फिदेलाच्या दारात पत्र आलं: "आपल्या घरी तिबुर्सियो नावाचा इसम सलग सहा वर्षे विनानोंद मुक्काम करीत असल्याचे आढळून आले आहे. तपासणी होऊन परवान्याबाबत निर्णय घेण्यात येईल."

"आई, हे काय करून बसलीस?" ग्रिसेल्दा फोनवर कळवळली. "परवाना नाही मिळाला तर खोली बंद. मग एकटी काय करशील त्या घरात? कुलूप लाव आणि इकडे ये राहायला."

"आणि तुझा बाप आला म्हणजे?"

"आई!"

"तीन हजार किलोमीटर कोण वाट दाखवणार त्याला? कोपऱ्यावरच्या दुकानातून येताना घर चुकायचा तो!"

तपासणीचे साहेब आले ते नेमके एक तारखेला सकाळी. फिदेला अंगणात वाकून झेंडूच्या पाकळ्या पसरत होती. पाकळीला लागून पाकळी, दारापासून खोलीपर्यंत, खोलीपासून खाटेपर्यंत. आंधळ्यालाही वासावरून घर सापडावं अशी केशरी पायवाट. खाटेवर इस्त्रीचा सदरा. मेजावर मोलेच्या काळ्याभोर रश्श्याची वाटी, सणाचा पाव, पेलाभर पाणी, बोटभर मेस्कालची दारू, चार मेणबत्त्या, आणि मध्ये ट्रम्पेट घेतलेला तिबुर्सियो, फोटोत.

किरोस साहेब गोल चणीचे, घामाघूम. पाकळ्यांवर पाय पडू नये म्हणून ते भिंतीला घासत, तिरके तिरके खोलीत आले. फोटो पाहून त्यांनी टोपी काढली.

"हेच का ते, विनानोंद मुक्काम करणारे?"

"हेच."

"बाई, मला सगळं कळतं. मी काय परक्या मुलखातला आहे? 'या तारखांना कोणीही मुक्कामास आले नाही' एवढ्यावर सही करा. मी शिक्का मारतो आणि निघतो."

फिदेला उभी राहिली. "कोणी आलं नाही? साहेब, काल पहाटेपासून हे मोले घोटतेय मी. आणि तुम्ही म्हणता, लिहून दे आला नाही म्हणून! तेही आज? तो वाटेत असताना?"

किरोसनी फोटोकडे चोरून पाहिलं. त्यांच्याच आईने सकाळी त्यांना दोनदा बाजारात पिटाळलं होतं. वडिलांना आवडायचा तो पाव मिळेना म्हणून. "हळू बोला," ते पुटपुटले, "ऐकतील."

आता 'आला नाही' लिहिता येईना, म्हणजे 'आला' असंच लिहायला हवं. आणि जो आला, त्याचा अर्ज पूर्ण भरायला हवा. किरोसनी पिशवीतून पालिकेचं अर्ज भरायचं यंत्र काढून मांडीवर घेतलं.

"पाहुणा कुठून येणार?"

"ते त्यालाच विचारा."

"'बाहेरगावहून' लिहितो. ओळखपत्र?" फिदेलाने कपाटातून त्याचं मतदार कार्ड काढून दिलं. "मुदत संपलीये, बाई."

"त्याची स्वतःचीच संपलीये, साहेब."

"येण्याचा हेतू?"

"जेवण."

"पाहुण्याला किल्ली देता?"

"दार उघडंच ठेवते."

"नियमाप्रमाणे कुलूप हवं. आणि या मेणबत्त्या! खोलीत उघडी ज्योत असेल तर आग विझवायचं नळकांडं लागतं."

नळकांडं अख्ख्या गल्लीत एकीकडेच होतं, शेजारच्या सेनोबियाकडे. ती मक्याच्या पिठाचे तमाले उकडून विकायची. नळकांडं घेऊन ती स्वतःच आली, आणि खोलीत काय चाललंय ते कळल्यावर ते द्यायचंच विसरली.

"म्हणजे एकट्या तिबुर्सियोची सरकारदरबारी नोंद? माझे तिघे येतात, त्यांनी काय घोडं मारलंय?"

"तुमचं घर ॲपवर नाही, बाई."

"आज नाही! उद्या टाकलं, तर मागचं सगळं उकरून काढालच की तुम्ही! हिचं नाही का काढलंत?"

किरोसनी तिच्या तिघांचेही अर्ज उघडले, आणि ही बातमी गल्लीभर फिरली. अर्ध्या तासात फिदेलाच्या दारापासून विहिरीपर्यंत रांग लागली. प्रत्येकाच्या छातीशी एक फोटो.

"साहेब, माझा आजा घोड्यावरून येतो. घोड्याचा वेगळा अर्ज का?"

"माझे दोन्ही नवरे येतात हो. एकाच खोलीत. चालेल का?"

"खोलीची क्षमता किती, बाई?"

"क्षमता आहे, साहेब. त्यांचंच पटत नाही."

मागून एक थकला आवाज आला, "आणि माझ्या सासूने येऊ नये, असा अर्ज कुठे मिळतो?"

फिदेला रांगेत पाव वाटत फिरत होती. पण नजर सारखी साहेबांच्या मांडीकडे जात होती. हा सगळा खेळ त्या यंत्राने फेटाळला, तर पुढच्या सालची पायवाट कोण घालणार? झेंडूचा वास तिहुआनापर्यंत जाणार नव्हता.

चार वाजले तेव्हा अर्ज सत्तावीस झाले होते. किरोसनी डोळे मिटून बटण दाबलं. जिवंत माणसांचे कागद महिनोन्‌महिने लटकवणाऱ्या त्या यंत्राने सत्तावीसच्या सत्तावीस पाहुणे एका श्वासात मंजूर केले. एकही रकाना रिकामा नव्हता; त्याला आणखी काय हवं होतं! फिदेलाचा परवाना हिरव्या शिक्क्यासह समोर आला. रांगेने टाळ्या वाजवल्या.

मग किरोसनी पाठ फिरवून आणखी एक अर्ज भरला, कोणाला न दाखवता. त्यावरचं 'किरोस' हे आडनाव मात्र सेनोबियाने चष्म्याशिवाय वाचलं. सहा तमाले बांधून तिने पुडकं साहेबांच्या हातात दिलं, "घरी आज पाहुणे असतील तुमच्या," एवढंच म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तिबुर्सियोची जायची वेळ झाली. पाण्याचा पेला बोटभर उतरला होता. तो दर वर्षी उतरतो. फिदेला सदऱ्याची घडी घालत असताना फोनवर ॲपचा निरोप आला. आता नोंद झालेली होती, त्यामुळे ॲपच्या लेखी तिबुर्सियो खराखुरा पाहुणा ठरला होता.

"तुमचे पाहुणे तिबुर्सियो नुकतेच निघाले. ते कसे वाटले? मोकळेपणाने लिहा. तुमचं मत पाहुण्यालाही वाचता येईल."

फिदेला खाटेच्या कडेवर बसली. पाहुण्यालाही वाचता येईल.

एका बोटाने तिने लिहायला घेतलं. पाहुणा स्वच्छ. वेळेवर येतो, वेळेवर जातो. ताट चाटूनपुसून. घोरतो, पण लयीत.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बँड वाजू लागला. दफनभूमीकडे निघालेली मिरवणूक. ट्रम्पेटवर हल्ली शहरात शिकून आलेला एकजण असतो. सूर कसा, धुतल्या काचेसारखा. मिरवणूक कोपऱ्यावर आली, खिडकीखाली आली, निघून गेली, आणि एकही सूर कुठे घसरला नाही. फिदेला कान देऊन बसली होती. तिने फोन खाली ठेवला, फोटोकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली,

"फार बेसूर वाजवायचास रे तू, तिबुर्सियो. अडतीस वर्षं. अख्ख्या बँडमध्ये एकट्याचाच सूर पाय घसरून पडायचा, आणि मला इथे चुलीपाशी कळायचं, आला माझा माणूस कोपऱ्यावर. तेव्हा टाकायची मी भाकरी तव्यावर."