कळशी देशाबाहेर जाते

परदेशी पाहुण्यांनी आपल्याकडे खरेदी केली तर त्यावरचा विक्रीकर त्यांना परत द्यावा, असं सरकारच्या मनात आलं आणि त्यासाठी मुरबाडला एक कक्ष उघडण्यात आला. मुरबाडलाच का, असं कुणी विचारलं नाही, कारण उत्तर नकाशात होतं. नकाशात माळशेज घाटावर एक उडता पक्षी काढलेला होता. पक्षी आहे म्हणजे पर्यटन आहे, पर्यटन आहे म्हणजे परदेशी माणूस आहे, आणि घाटाच्या अलीकडचं तालुक्याचं गाव मुरबाड. एवढं सरळ असताना चौकशी करत बसणं म्हणजे सरकारी वेळेचा अपव्यय झाला असता.

एसटी स्टँडच्या मागच्या गाळ्यात कक्ष थाटला. एक टेबल, एक खुर्ची, एक पंखा, एक शिक्का आणि ‘परदेशी पाहुणे विक्रीकर परतावा कक्ष’ असा गाळ्यापेक्षा लांब फलक. खुर्चीवर वाल्मिक. तो धसईचा; बी.कॉम. होऊन बरीच वर्षं घरचं भात कापल्यावर त्याला ही नोकरी लागली होती. रोज सकाळी तो धसईच्या एसटीनं येई, शटर उघडी, गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती लावी आणि शिक्क्याची शाई सुकू नये म्हणून पॅडवर पाण्याचे दोन थेंब सोडी. मग दिवसभर परदेशी माणसाची वाट पाही. परदेशी माणूस काही येत नसे. एकदा एक गोरागोमटा इसम शटरशी थांबला म्हणून वाल्मिक उठून उभा राहिला, तर तो पुण्याचा निघाला आणि मुतारी कुठे आहे विचारून गेला.

अशी पहिली वर्षपूर्ती जवळ आली तेव्हा ठाण्याहून साहेबांचं पत्र आलं. मार्चअखेर एकही प्रकरण निकाली निघालं नाही, तर कक्ष बंद करून संबंधित कर्मचाऱ्यास राज्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कर्मचाऱ्यांची नितांत गरज आहे, तिथे पाठवण्यात येईल.

वाल्मिकचं नुकतंच वाशिंदच्या अनिताशी जमलं होतं. मुलगी त्याला मनापासून आवडली होती, आणि विशेष म्हणजे तोही तिला आवडला होता. तिचे वडील कुंडलिकराव वाशिंदच्या कारखान्यात फोरमन. त्यांनी सुपारी फोडतानाच स्पष्ट सांगितलं होतं की मुलगी मुरबाडात नोकरी असलेल्याला देतोय. उद्या जावई नकाशाबाहेर गेला तर सुपारी परत. त्यामुळे वाल्मिकचं लग्न आता एका परदेशी माणसावर अवलंबून होतं, आणि त्या माणसाचा पत्ता कुणालाच नव्हता. हौसाबाईनं, म्हणजे वाल्मिकच्या आईनं, संकष्टीच्या जोडीला मंगळवारही धरले. देवाला तिनं नीट समजावून सांगितलं की सून नको म्हणत नाय, पण आधी एक गोरा माणूस धाड.

देव ऐकतो. मार्चातल्या एका शुक्रवारी माळशेजला पक्षी बघायला निघालेली जीप मुरबाडच्या बाजारात बंद पडली आणि तीतून हिल्डाबाई उतरल्या. जर्मनीच्या. वय साठीच्या आसपास, खाकी पँट, गळ्यात दुर्बीण. गॅरेजवाल्यानं जीपचं काम चांगलं चार-पाच दिवसांचं सांगितलं. वेळ जावा म्हणून त्या बाजारात फिरल्या, एका कासाराच्या दुकानातून तांब्याची कळशी घेतली आणि, साऱ्या बाजाराच्या देखत, पावती मागितली. मुरबाडात पावती मागणारं माणूस म्हटल्यावर बातमी कक्षापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. वाल्मिक शटर तसंच टाकून धावला.

हिल्डाबाईंना परताव्याची काही हौस नव्हती. जी रक्कम होती तिच्यात दोघांचा वडापाव झाला असता. पण नियम आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. आपल्या हक्काचा नियम असताना तो न वापरणं त्यांच्या गावी असभ्य समजत. त्यांनी नियमपुस्तिका मागून घेतली आणि ती शेवटपर्यंत वाचली. असं करणारं खात्याच्या माहितीतलं हे पहिलंच माणूस. कक्षात बसायला दुसरी खुर्ची नव्हती आणि गावात राहायला लॉज नव्हता, म्हणून वाल्मिकनं पाहुणीला धसईला घरी आणलं. अर्ज घरच्या ओसरीवर भरू, सोमवारी कक्षात कळशी दाखवू, शिक्का मारू, संपलं.

हौसाबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला आणि मग मुलाकडे वळून एकच गोष्ट विचारायला लावली, की बाईचा नवरा आहे का. हिल्डाबाईंनी मोकळेपणानं सांगितलं की आहे, पण तो दुसऱ्या बाईबरोबर दुसऱ्या शहरात राहतो.

“जिता हाय ना?” हौसाबाई म्हणाली. “मग सवाष्ण. मधलं काय आपल्याला करायचं नाय.”

शुक्रवारी सवाष्ण दारात आलेली, म्हणजे ओटी आली. वाल्मिक आत अर्जाला कार्बन लावत होता. तो बाहेर आला तेव्हा काम होऊन गेलं होतं. कळशीच्या गळ्याला हळदकुंकवाची बोटं लागली होती आणि आत पाच ओंजळी घरचे तांदूळ, वर नारळ.

वाल्मिकनं नियमपुस्तिका उघडली. नियम सातमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की वस्तू अधिकाऱ्यासमोर न वापरलेल्या स्थितीत सादर करावी.

“आये, कळशीत कशाला घातलीस गो?”

“मग कशात घालू? तिच्या पँटीला पदर हाय का?”

वाल्मिकनं तांदूळ काढून घ्यायला हात पुढे केला, तर आईनं तो मागे सारला. घातलेली ओटी मागे घ्यायची म्हणजे त्या बाईचं सौभाग्य मागे घ्यायचं, आणि आधीच ते दुसऱ्या शहरात आहे. हिल्डाबाईंना हे सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी कळशी छातीशी धरली. आजवर त्यांना कुणी न मागता काही दिलं नव्हतं, तेव्हा त्याही देईनात.

वाल्मिक एसटीडी बूथवर गेला आणि साहेबांना ठाण्याला फोन लावला. साहेब शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की कळशीत तांदूळ आहेत, की तांदळाला कळशी आहे. पहिलं असेल तर कळशी वापरलेली ठरते. दुसरं असेल तर कळशी हे तांदळाचं वेष्टन ठरतं, आणि वेष्टनावर परतावा नाही. वाल्मिकनं दबकत सुचवलं की तांदूळ विकत घेतलेले नाहीत, भेट दिलेले आहेत. साहेब म्हणाले, मग दात्याच्या सातबाऱ्याचा उतारा जोडा, म्हणजे ओटी कुठल्या गटात पिकली ते कळेल.

उतारा काढायला सोमवार गेला. तलाठ्यानं ओटीसाठी उतारा लागतो हे प्रथमच ऐकलं, पण आपलं अज्ञान दिसू नये म्हणून आजूबाजूच्या सात-आठ बायांनाही काढून ठेवायला सांगितलं. धसईत त्या आठवड्यात चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी उताऱ्याला रांग लागली.

शेवटी मार्ग हौसाबाईनंच दाखवला. ओटीचे तांदूळ मागे घेता येत नाहीत, पण जिची ओटी तिनं ते स्वतः शिजवून खाल्ले तर त्यात वाईट काही नाही. उलट तेच करायचं असतं. मग हिल्डाबाईंनी आपल्या हातानं तांदूळ काढले, चुलीवर भात केला, नारळ फोडून त्याची खीर केली, आणि शेजारपाजारच्यांसह सगळे जेवले. कळशी रिकामी झाली. कुंकवाची बोटं तेवढी राहिली. ती पुसली तर धुतल्याचा, म्हणजे वापरल्याचा दोष लागत होता. साहेबांनी फोनवर निर्णय दिला की सदर तांबडे ठिपके ही मालाची ओळखखूण समजावी.

आता उरला नियम नऊ. वस्तू देशाबाहेर जाताना अधिकाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे. आणि वाल्मिकचं अधिकारक्षेत्र तालुक्याच्या हद्दीपर्यंत. मुरबाडला विमानतळ नाही, बंदर नाही; अजून रेल्वेसुद्धा नाही. देशाबाहेर जाण्याची सोय एवढीच की कल्याणची एसटी वेळेवर सुटते.

जीप दुरुस्त झाली होती. मार्चचे शेवटचे दोन दिवस राहिले होते. वाशिंदहून कुंडलिकरावांचा निरोप आला होता की हॉलवाला आगाऊ रक्कम मागतोय, तेव्हा जावईबापूंनी नक्की कुठे राहणार ते कळवावं. वाल्मिकनं फोन लावला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. म्हणाला, साहेब, माझ्या डोळ्यांना मुरबाडच्या पुढचं दिसत नाही, मी काय करू.

साहेबही विचारात होते, कारण हाताखालचा एकुलता एक कक्ष बंद झाला की कक्षप्रमुखांचाही कक्ष बंद होणार होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं सहीशिक्क्यानिशी परिपत्रक आलं. या कक्षाच्या प्रयोजनार्थ, मुरबाड स्थानकातून सुटलेली बस तालुक्याची हद्द ओलांडताच तीतील प्रवासी व माल देशाबाहेर गेले असे मानण्यात यावे.

हिल्डाबाईंनी परिपत्रक दोनदा वाचलं, मग जीप रिकामी पुढे पाठवली आणि नियमासाठी एसटीचं तिकीट काढलं. खिडकीत कळशी मांडीवर घेऊन त्या बसल्या. वाल्मिक हद्दीच्या पाटीपर्यंत बसबरोबर गेला, उतरला, आणि एसटी वळणाआड जाईपर्यंत डोळे न मिटता पाहत राहिला. परत येऊन त्यानं शिक्का मारला. अक्षरं इतकी स्पष्ट उमटली की त्यानं शिक्क्याला नमस्कार केला. प्रकरण निकाली निघालं, कक्ष वाचला, हॉलवाल्याला रक्कम पोचली.

आठवडाभर सगळं गोड चाललं. मग एका संध्याकाळी धसईची भागी शटरशी आली. ती रोज पहाटे भाजीची पाटी घेऊन कल्याणला जाई आणि विकून रात्रीपर्यंत परते. तिच्या हातात नवी स्टीलची बादली आणि पावती होती.

“सायेब, मी रोज देशाभायर जाते ना?” तिनं विचारलं.

वाल्मिकनं परिपत्रक पाहिलं आणि होय म्हणाला.

“मग येते ती कुठून येते? भायरूनच ना? भायरच्या माणसाला टॅक्स परत हाय ना? मग दे.”

वाल्मिकनं परिपत्रक उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. बाई बरोबर होती. दुसऱ्या दिवशी रांग स्टँडच्या फाटकाबाहेर गेली. कल्याणला कामाला जाणारे, डोळे तपासायला जाणारे, कोर्टाच्या तारखेला जाणारे, सगळे संध्याकाळी परदेशातून येऊन उभे राहिले. नवे कुकर, नवे पंखे, नव्या चपला. एका म्हाताऱ्यानं तर पावती नसलेली म्हैस आणली आणि ती न वापरलेली असल्याचं शपथेवर सांगितलं.

साहेबांना फोन गेला. परिपत्रक मागे घेणं शक्य नव्हतं. मागे घेतलं तर ते चुकलं होतं असा अर्थ निघाला असता, आणि ऑडिट त्या अर्थाच्याच शोधात फिरत असतं. म्हणून साहेबांनी ते पुढे नेलं. मुरबाडच्या रहिवाशांना परतावा द्यावा, मात्र ते परदेशी असल्याची नोंद इतर खात्यांना कळवावी. इतर खात्यांना आनंदच झाला. रस्त्याचं काम थांबलं, कारण परदेशात खडी टाकायची तरतूद नव्हती. दवाखान्यात डॉक्टर येईनात, कारण त्यांना व्हिसा लागत होता. आधीही ते येत नव्हते, पण आता कारण लेखी होतं. नळाला पाणी का नाही, या जुन्या प्रश्नाचं उत्तर तर परराष्ट्र धोरणात गेलं. गावानं सहन केलं. बदल काहीच जाणवत नव्हता.

वाल्मिकनं मात्र सुपारीची अट पुन्हा आठवून पाहिली. मुरबाडबाहेरच्या जावयाला मुलगी न देणारा माणूस, देशाबाहेरच्या जावयाला कसा देईल? कुंडलिकराव एका रविवारी स्वतः आले, ओसरीवर टेकले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले,

“ऐकलं ते खरं का? तुमी फॉरेनला असता?”

“तसं कागदोपत्री…”

“कागदोपत्रीच असतं हो सगळं. आमच्या चाळीत चौघांच्या पोरी दिल्यात, दोन मुलुंडला, एक पनवेलला, आणि एकाची म्हणे दुबईला, तिथं जावई लिफ्ट चालवतो. तरी त्या पोरीचा बाप माझ्यासमोर छाती काढून चालतो.” कुंडलिकरावांनी आवाज खाली आणला. “पत्रिकेत घालू ना? ‘वर, परदेशस्थ’?”

हौसाबाईला फक्त एवढंच कळेना की मग अनिताला सासरी आणायला विमान करावं लागेल का. अनितानं वाशिंदहून निरोप पाठवला की ती एसटीनं येईल, खिडकी मिळाली पाहिजे.

लग्न झालं. हॉलमध्ये अक्षता, मग धसईला दारात मांडव, पंगतीला घरचा भात. वधूकडचे मुंबईचे नातेवाईक दोन गाड्या करून आले. पाणी त्यांनी घरून आणलं होतं. त्यांनी गोठ्यापाशी उभं राहून फोटो काढले, भागीला पाटी डोक्यावर घेऊन पुन्हा एकदा चालायला लावलं, हौसाबाईला विचारलं की तुम्ही लोक इथे करता काय दिवसभर, आणि अंधार पडायच्या आत निघाले, कारण इकडची काही माहिती नसते. त्यांच्यामागे वाल्मिकनं अंगणातल्या बाटल्या गोळा केल्या. त्याला राग आला नाही. परदेशी पाहुण्यांशी सौजन्यानं वागावं, असं त्याच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं.

आता हे वाचून आपणही कधीतरी मुरबाडकडे याल. जरूर या. कक्ष उघडा आहे, शाई ओली आहे. अर्ज एकपानी आहे आणि त्यात ‘आपला देश’ असा एक रकाना आहे. तिथे पेन घेऊन कुणी थांबत नाही, विचारत नाही. आजवर आलेले सगळे पाहुणे झरझर लिहून जातात: मुंबई.