हॉटेल मी निवडलं

"या वेळी हॉटेल मी निवडणार," असं मी एका रविवारी जेवताना बोलून गेलो. बायकोचा वाढता हात थांबला. मी विमान चालवायची इच्छा व्यक्त केली असती, तरी ती इतकी घाबरली नसती.

आजवर आमची सगळी हॉटेलं मेहुण्यानं ठरवली. तो एक फोन करतो आणि खोली मिळते. खोलीत पंखा फिरतो, नळाला पाणी येतं, आणि आठवडाभर आम्हाला त्याचं कौतुक ऐकावं लागतं. (ऐकावं मला लागतं. करते ती.)

या खेपेचं गाव हातमागासाठी आणि रंगाऱ्यांसाठी नावाजलेलं. माझ्या सासूबाईंची पांढऱ्या ठिपक्याठिपक्यांची एक लाल ओढणी होती. ते ठिपके कापडावर येतात कसे, हे बायकोला लहानपणापासून बघायचं होतं.

"त्यात बघायचंय काय? ब्रशनं काढत असतील," मी म्हणालो.

"बरं. निवडा तुम्ही हॉटेल," ती म्हणाली. "पण फसलं ना, तर यापुढे हॉटेलच काय, तुमचे शर्टसुद्धा दादा निवडेल."

मेहुण्याला भडक फुलांचे शर्ट आवडतात. मी अकरा दिवस जिवाचं रान केलं.

एका हॉटेलला फोन करून विचारलं, "गरम पाणी असतं का?"

"चोवीस तास."

"म्हणजे साधारण किती ते किती?"

पलीकडून फोन ठेवला गेला. दुसऱ्या हॉटेलला मी खिडकीची दिशा, उशीची उंची आणि बादलीचं माप विचारलं. तिथल्या मॅनेजरनं अतिशय नम्रपणे मला मेहुण्याच्याच नेहमीच्या हॉटेलचा नंबर दिला. बत्तीस हॉटेलं झाल्यावर रंगाऱ्यांच्या गल्लीतलं एक चार खोल्यांचं हॉटेल सापडलं. खाली मालकीणबाईंचं घर, वर पाहुणे. कुणीतरी अभिप्राय लिहिला होता: 'शांत जागा. बाई प्रेमळ. चादरी तेवढ्या चुरगळलेल्या.' मला वाटलं, चादरींचं काय एवढं!

आम्ही पोहोचलो. पंखा फिरला, नळाला पाणी आलं. बायको खोलीभर हिंडून काहीतरी खोट शोधत होती आणि मी तिच्या मागे श्वास रोखून हिंडत होतो. शेवटी तिनं उशी थोपटली आणि म्हणाली, "बरं आहे." बावीस वर्षांच्या संसारात एवढी दाद मला पहिल्यांदाच मिळाली होती.

दुपारी मालकीणबाई तिला शेजारचा रंगाऱ्यांचा कारखाना दाखवायला घेऊन गेल्या. मी विश्रांतीसाठी मागे राहिलो. पण मला स्वस्थ बसवत नाही. खोलीतले खण उघडून पाहिले, पलंगाखाली वाकून पाहिलं, मग बाहेरच्या व्हरांड्यात आलो. तिथे खिडकीपाशी टोपलीत एक पांढरं कापड पडलं होतं.

कापड कसलं, बोळाच! नखाएवढे नखाएवढे शेकडो फुगे, आणि प्रत्येकाला दोऱ्याचे वेढे. मधूनमधून गुलाबी डाग. उशीचा अभ्रा! धोब्यानं त्याची ही दशा केलेली, आणि रात्री हाच आमच्या उशीला चढणार. बायकोनं हा पाहिला की माझं हॉटेल गेलं, आणि फुलाफुलांचे शर्ट आलेच.

आता इथे एक सांगायला हवं. मी सरकारी रेकॉर्ड विभागात कारकून आहे. जुन्या फायलींच्या दोऱ्यांना बसलेल्या गाठी मी कात्री न लावता सोडवतो. साहेबांना माझं नाव आठवत नाही, पण निरगाठ बसली की ते मलाच बोलावतात. तेव्हा ते कापड मांडीवर घेताना मला पहिल्यांदाच वाटलं, की आपली विद्या संसाराच्या कामी येतेय.

पहिली गाठ सुटायला मिनिट लागलं. मग बोटं चालायला लागली. कापड मात्र वाढत चाललं. उशीचा म्हणून घेतलेला अभ्रा लोडाचा झाला, मग गादीच्या खोळीएवढा होऊन गुडघ्यावरून जमिनीवर लोळायला लागला. इथे शहाण्या माणसाला शंका आली असती. मला वाटलं, पाहुण्यांना एवढी मोठी उशी देतात म्हणजे हॉटेल चांगलंच आहे. अडीच तासांत मी आठशे बारा गाठी सोडवल्या, सुटलेला दोरा गुंडाळून त्याची सुबक गुंडी केली आणि गुलाबी डाग घालवायला न्हाणीघरातून साबण आणला. तेवढ्यात दोघी जिना चढून वर आल्या.

"तुमचा धोबी बदला," मी मालकीणबाईंना म्हणालो. "काय अवस्था केली होती अभ्र्याची! निम्माअधिक मोकळा केलाय बघा."

मालकीणबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर खाली बसल्या.

"अहो," बायको म्हणाली. तिचा आवाज ऐकूनच मी साबण खिशात घातला. "आत्ताच त्यांनी मला सांगितलं ठिपके कसे येतात ते. कापड चिमटीत धरून आधी बांधायचं. मग रंगात बुडवायचं. बांधलेल्या जागी रंग शिरत नाही, तिथे ठिपका राहतो."

"मग हे..."

"हे बांधलेलं आहे."

"आणि डाग?"

"कुठे बांधायचं त्याच्या खुणा," मालकीणबाई म्हणाल्या. "साबण लावलात?"

"नाही."

"देव पावला." मग त्यांनी मोकळं झालेलं कापड उचललं आणि दोन्ही हातांनी मांडीवर सारखं केलं. "तीन दिवसांचं काम होतं, भाऊ. परवा संध्याकाळी रंगारी न्यायला येईल."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "पण रंगवून झाल्यावर एवढ्या गाठी तुम्ही सोडवता कशा?"

"सोडवत नाही. दोघींनी दोन बाजूंनी कापड ताणायचं. सगळ्या एका झटक्यात तडातड सुटतात."

"म्हणजे," बायको माझ्याकडे वळली, "चुकायचं तेसुद्धा धड जमलं नाही तुम्हाला!"

मग तिनं पदर खोचला, मालकीणबाईंशेजारी बसली आणि म्हणाली, "ताई, मला दाखवा. दोघी मिळून बांधू."

उरलेले दोन्ही दिवस आम्ही त्या व्हरांड्यात काढले. माग पाहिले नाहीत, बाजार पाहिला नाही, संग्रहालय पाहिलं नाही. मीही चार गाठी बांधल्या. मालकीणबाईंनी त्या नुसत्या बघितल्या, बघता बघताच सुटल्या. मग मला दोरा ओवायला दिला, मग चहा करायला पाठवलं, आणि चहा प्यायल्यावर अंगणात बसून राहायला सांगितलं.

बायकोचं मात्र वेगळंच झालं. पहिल्या दिवशी तिच्या गाठी लंगड्या होत होत्या, दुसऱ्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, "हात आहे हो तुम्हाला." त्यावर ती लाजली. ती लाजलेली मी शेवटची कधी पाहिली, ते आठवायला मला अंगणात भरपूर वेळ होता. छान दिसत होती.

रंगारी आला तेव्हा शेवटची गाठ बांधून दहा मिनिटं झाली होती. त्यानं कापड हातावर फिरवलं, मान डोलावली आणि घेऊन गेला. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

निघताना बायको हातातली बॅग खाली ठेवून दारात उभी राहिली. "खरं सांगू? दादानं निवडलेल्या एकाही हॉटेलात मला इतकं बरं वाटलं नव्हतं."

माझी छाती फुगली. मेहुण्याला लगेच फोन लावावा, असा विचार मनात येऊन गेला.

"ताई," ती पुढे म्हणाली, "कापड रंगून आलं, की ताणायला मी येते. हीच खोली ठेवाल?"

"पंधरा दिवसांनी या," मालकीणबाई म्हणाल्या आणि काळजीनं माझ्याकडे पाहून विचारलं, "किती जण?"

"मी एकटीच."

मालकीणबाईंनी आनंदानं तिचे दोन्ही हात धरले. "मग खोलीचं भाडं नको."